क्षय बरा झाला, खोकला का राहिला?



क्षयाचा कोर्स पूर्ण केला, तरी रोज सकाळी पिवळा बेडका पडतो, अशी तक्रार बांधावर ऐकू येते. क्षय उलटलाच असे नव्हे. तो ब्राँकिएक्टेसिसही असू शकतो.

पाटाचे काठ ढासळले की पाणी साचून कुजते. तशाच श्वासनळ्या कायमच्या रुंदावतात, कफ साचतो, जंतू वाढतात. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय पाहणीत 2,195 रुग्णांपैकी 35 टक्क्यांहून अधिकांत या रोगाचे मूळ क्षयात होते.

नळी पूर्ववत होत नाही. पण डॉक्टरांनी शिकविल्याप्रमाणे रोज कफ काढला तर शेती करता येते.

मनाने पुन्हा क्षयाच्या गोळ्या घेऊ नका. गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दाखवा. थुंकीत क्षय कळतो, सी.टी. स्कॅनमध्ये नळी दिसते. बेडक्यात रक्त आले, तर तोड संपण्याची वाट पाहू नका.