किमची कोणाची?

नोव्हेंबर २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने, म्हणजे आयएसओने, मिठात आंबवलेल्या भाज्यांविषयी एक मानक प्रसिद्ध केले. त्याचा क्रमांक २४२२०. चीनच्या पुढाकाराने तयार झालेले हे मानक 'पाओत्साय' या चिनी पदार्थाचे होते. कच्चा माल कसा असावा, नमुना कसा तपासावा, वेष्टनावर काय लिहावे, असा तपशील अशा मानकात असतो. एरवी असा कागद कारखानदारांशिवाय कोणी उघडूनही पाहत नाही. परंतु चीनमधील एका वृत्तपत्राने ही बातमी अशा थाटात दिली, की जणू किमचीच्या धंद्याचे जागतिक नियम आता चीनने ठरवले. दक्षिण कोरियात संताप उसळला. किमची हा तेथील रोजच्या जेवणातला पदार्थ. आपल्याकडे भाकरीबरोबर ठेचा यावा तशी ती प्रत्येक ताटात असते. कोरियाच्या कृषी मंत्रालयाने खुलासा केला, की हे मानक किमचीला लागू नाही असे त्यातच लिहिलेले आहे. तरीही 'किमची मूळची आमची' हा वाद दोन्ही देशांत बराच काळ चालू राहिला.

अमुक पदार्थ मूळचा कोणाचा, हा प्रश्न वरवर एकच वाटतो. प्रत्यक्षात त्यात निदान चार प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. त्यातील वनस्पती कोठली? तो आंबवण्याची क्रिया कोणाची? आजची कृती कोठे आणि केव्हा घडली? आणि त्याचे नाव कोणाचे? प्रत्येक प्रश्नाला वेगळा पुरावा लागतो आणि उत्तरही वेगळे येते. एका प्रश्नाचा पुरावा दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून पुढे केला, की वाद सुरू होतो. किमचीच्या उदाहरणाने हे चार धागे सुटे करून पाहू.

दोन पदार्थ, दोन रीती

आधी पदार्थांची ओळख करून घेऊ. नेहमीच्या किमचीसाठी लांबट चिनी कोबीचे गड्डे उभे चिरून मिठात काही तास ठेवतात. मग ते धुऊन निथळतात आणि लाल मिरचीपूड, लसूण, आले, पातीचा कांदा, मुळा यांचा लगदा पानापानांत भरतात. बहुतेक ठिकाणी त्यात खारवून मुरवलेली कोळंबी किंवा मासळीही घालतात. मग हे सारे मातीच्या रांजणात दाबून भरतात. हिवाळ्याच्या तोंडाशी कुटुंबे आणि शेजारी एकत्र जमून पूर्ण मोसमाची किमची घालत. या प्रथेला 'किमजांग' म्हणतात. पूर्वी हे रांजण जमिनीत पुरत, म्हणजे आतील किमची गोठतही नसे आणि लवकर आंबटही होत नसे.

सिचुआन प्रांतातील पाओत्सायची रीत निराळी आहे. तेथे भाज्या मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवतात. बरणीच्या तोंडाभोवती पन्हळीसारखी कडा असते. तिच्यात पाणी भरून वर झाकण उपडे ठेवले, की आतील वायू बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो, पण बाहेरची हवा आत शिरत नाही. चांगले जमलेले खारे पाणी टाकून देत नाहीत. त्यात पुन्हापुन्हा नव्या भाज्या घालतात.

म्हणजे एकात मसाला लावलेली भाजी स्वतःच्याच रसात आंबते, तर दुसऱ्यात भाजी वेगळ्या तयार केलेल्या खाऱ्या पाण्यात आंबते. चव, रूप आणि कृती या तिन्ही बाबतींत हे दोन पदार्थ वेगळे आहेत.

जिवाणूंना राष्ट्रीयत्व नसते

मात्र दोन्हींच्या आत चालणारी क्रिया एकाच जातीची आहे. मीठ लावल्यावर परासरणामुळे पानांच्या पेशींतील पाणी बाहेर येते आणि त्याबरोबर शर्कराही येते. भाजीवर निसर्गतः अनेक प्रकारचे जिवाणू असतात. भाजी कुजवणाऱ्या बऱ्याच जिवाणूंना मिठाचे दोन-तीन टक्के प्रमाण मानवत नाही. लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू मात्र ते सहन करतात. सुरुवातीला त्यांची संख्या थोडी असते, पण एकदा स्पर्धक मागे पडले की त्यांचेच राज्य सुरू होते.

त्यांतील पहिला मानकरी म्हणजे ल्यूकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिस. हा शर्करेपासून लॅक्टिक आम्ल, कार्बन डायऑक्साइड आणि थोडे अल्कोहोल तयार करतो. कार्बन डायऑक्साइड भांड्यातील हवा बाहेर ढकलतो, आणि चांगल्या किमचीला सोड्यासारखी किंचित चुरचुरीत चवही त्यामुळेच येते. आम्ल वाढत जाऊन सामू ४ च्या आसपास उतरला, की हे जिवाणू मागे पडतात आणि जास्त आम्ल सोसणारे लॅक्टोबॅसिलस गटातील जिवाणू पुढे येतात. थंडीत पहिला टप्पा लांबतो, म्हणून रांजण पुरण्याची युक्ती उपयोगी पडे. आज कोरियात त्याच तत्त्वावर किमचीसाठी वेगळे शीतकपाट मिळते.

हाच ल्यूकोनोस्टॉक जर्मनीतील आंबवलेल्या कोबीत, म्हणजे सॉवरक्राउटमध्ये असतो आणि आपल्या इडलीच्या पिठातही असतो. नेपाळ-सिक्कीममध्ये मीठ न घालता पालेभाज्या आंबवून वाळवतात, तो गुंद्रुकही लॅक्टिक आम्लाच्या जिवाणूंचेच काम आहे. तेव्हा 'आंबवण्याची क्रिया सारखी, म्हणून पदार्थ आमच्याकडून तुमच्याकडे आला' हा युक्तिवाद टिकत नाही. जेथे भाजी आहे, मीठ आहे आणि भाजी न मिळण्याचा एखादा मोसम आहे, तेथे ही युक्ती माणसांना स्वतंत्रपणे सापडू शकते.

कोबी आणि मिरची

आता वनस्पती. किमचीचा कोबी आपल्या बाजारातील कोबीहून वेगळ्या जातीचा आहे. आपला कोबी ब्रॅसिका ओलेरॅसिया, तर तो ब्रॅसिका रापा. सलगम आणि उत्तर भारतातील पिवळी सरसों या जातीच्याच. लांबट गड्ड्याचा प्रकार शेतकऱ्यांनी निवडीने घडवला तो चीनमध्ये, यात शंका नाही.

या कुळाचे कोडे ज्याने सोडवले त्या शास्त्रज्ञाचे चरित्र आपल्या विषयाशी फार जवळचे आहे. ऊ जांग-चुन यांचा जन्म १८९८ साली टोकियोत झाला. वडील कोरियन, आई जपानी. जपानमध्ये काम करताना १९३५ साली त्यांनी ब्रॅसिकाच्या सहा जातींमधील नाते दाखवणारा प्रबंध प्रसिद्ध केला. ते नाते आज 'ऊ यांचा त्रिकोण' म्हणून ओळखले जाते. आपली मोहरी, म्हणजे ब्रॅसिका जन्शिया, ही ब्रॅसिका रापा आणि काळी मोहरी यांच्या संकरातून झाली आहे. तिची ३६ गुणसूत्रे म्हणजे एकीची २० आणि दुसरीची १६. उच्च माध्यमिक वर्गाला हे गणित जरूर दाखवावे. १९५० साली ऊ कोरियात गेले. जपानी बियाण्यावर अवलंबून असलेल्या त्या देशात त्यांनी कोबी आणि मुळ्याचे चांगले बियाणे तयार करण्याचे काम उभे केले. १९५९ साली त्यांचे निधन झाले. आता, कोरियातल्या थाळीतील तो कोबी कोणाचा म्हणायचा?

मिरचीची कथा तर आपल्या परिचयाची आहे. ती मूळची अमेरिका खंडातली. १४९२ नंतर ती जुन्या जगात आली, पोर्तुगीजांबरोबर गोव्याच्या किनाऱ्याला लागली आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पूर्व आशियात पोचली. १६१४ च्या एका कोरियन ग्रंथात ती जपानकडून आल्याचा उल्लेख आहे. किमचीत मिरची घातल्याचे स्पष्ट वर्णन अठराव्या शतकात मिळते. भरगच्च गड्ड्याच्या कोबीची आजची लालभडक किमची तर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली.

कृतीचा काळ

याचा अर्थ किमची अलीकडची, असा घ्यावा काय? तसेही नाही. भाज्या मिठात घालण्याचे उल्लेख चीनच्या प्राचीन साहित्यात आहेत, आणि सहाव्या शतकातील एका चिनी कृषिग्रंथात अशा अनेक कृती दिलेल्या आहेत. तेराव्या शतकातील कोरियन कवी ई ग्यू-बो यानेही हिवाळ्यासाठी मुळा मिठात घालून ठेवण्याविषयी लिहिले आहे. लेखी पुरावा चीनमध्ये अधिक जुना आहे हे खरे. पण लेखन कोठे आधी सुरू झाले, यावरून भाजी कोणी आधी खारवली हे सिद्ध होत नाही. शिवाय सहाव्या शतकातील खारवलेली भाजी म्हणजे आजची किमचीही नव्हे आणि आजचे पाओत्सायही नव्हे. मिरची तेव्हा या दोन्हींत असणे शक्यच नव्हते. समान पूर्वज असू शकतील अशा दोन परंपरा आपापल्या भूमीत वेगळ्या वाढल्या, एवढे पुराव्यावरून म्हणता येते.

नावाचा घोळ

मग भांडण कशावरून पेटले? मुख्यतः नावावरून. 'पाओत्साय' या शब्दाचा अर्थ भिजवलेली भाजी. चिनी भाषेत कोरियन किमचीलाही हाच शब्द वापरत आले आहेत. आपणही परदेशी 'पिकल'ला लोणचेच म्हणतो, तसे हे झाले. गंमत अशी, की 'किमची' हा शब्दही पाण्यात बुडवलेली भाजी अशा अर्थाच्या जुन्या शब्दावरून आला असे सामान्यतः मानतात. तेव्हा मानक एका पदार्थाचे आणि बातमी दुसऱ्याची, हा गोंधळ व्हायला एक शब्द पुरला. २०२१ साली कोरियन सरकारने चिनी भाषेत किमचीसाठी 'शिनछी' हा वेगळा शब्द ठरवून दिला.

नावाचा प्रश्न केवळ अभिमानाचा नसतो, त्यात व्यापारही असतो. १९९० च्या दशकात असाच वाद कोरिया आणि जपान यांच्यात झाला होता. जपानी कारखान्यांत न आंबवता, नुसती चव देऊन केलेला पदार्थ 'किमुची' म्हणून विकला जाई. त्यातून २००१ साली कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक आयोगाने किमचीचे मानक मंजूर केले. चिनी कोबी, मिरची-लसूण-आल्याचा मसाला, कमी तापमानात लॅक्टिक आम्लाने आंबवणे आणि १ ते ४ टक्के मीठ, ही त्यातील प्रमुख लक्षणे. येथे नीट लक्षात घ्यावे, की मानक पदार्थाचे वर्णन करते, त्याच्या जन्माचा दाखला देत नाही. युनेस्कोच्या वारसायादीचेही तसेच आहे. २०१३ साली दक्षिण कोरियाच्या किमजांगची आणि २०१५ साली उत्तर कोरियाच्या किमची करण्याच्या परंपरेची नोंद त्या यादीत झाली. नोंद झाली ती एकत्र येऊन किमची घालण्याच्या प्रथेची. त्या पदार्थावर कोणाची मालकी आहे, असे ती नोंद सांगत नाही.

आणखी एक वस्तुस्थिती. दक्षिण कोरिया जी किमची आयात करतो, ती जवळजवळ सगळी चीनमध्ये तयार होते. कोठे तयार झाली आणि कोणाची परंपरा, हेही दोन वेगळे प्रश्न आहेत.

आपल्या ताटात डोकावताना

हीच चाळणी आपल्या पदार्थांना लावून पाहावी. एकादशीची साबुदाण्याची खिचडी घ्या. आपल्याकडचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओका, शेंगदाणा, बटाटा आणि मिरची, हे चारही अमेरिका खंडातून आलेले. तरीही ही खिचडी मराठी घरची आहे, कारण ती कृती, तो उपास आणि ती चव येथे घडली. घटक परके आहेत एवढ्याने पदार्थ परका होत नाही, आणि पदार्थ आपला आहे म्हणून त्याचे घटक प्राचीन काळापासून आपले होते असेही ठरत नाही. ही दोन्ही वाक्ये विद्यार्थ्यांना एकाच वेळी मान्य करता आली, तर पुराव्याचा विचार त्यांच्या अंगवळणी पडू लागला असे आम्ही समजू.

वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. अर्धा किलो बारीक चिरलेल्या कोबीला १२ ग्रॅम मीठ चोळा आणि पाणी सुटल्यावर तो स्वच्छ बरणीत दाबून भरा. कोबी रसाखाली बुडालेला राहू द्या आणि झाकण सैल ठेवा. दुसऱ्या बरणीत तेवढाच कोबी बिनमिठाचा ठेवा. पाच-सहा दिवस रोज बुडबुडे, वास आणि रंग यांची नोंद करा, आणि निळ्या लिटमसने किंवा जास्वंदीच्या पाकळ्यांनी रंगवलेल्या कागदाने रसाचे आम्ल तपासा. हे नमुने निरीक्षणासाठी आहेत, कोणी खाऊ नयेत. शेवटी विद्यार्थ्यांना विचारा, की मिठाच्या बरणीत हे जिवाणू आले कोठून? ते कोबीबरोबरच आले, हे त्यांच्या लक्षात आले, की 'ही क्रिया कोणत्या देशाची' या प्रश्नाचे उत्तर त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.