महाराष्ट्रातील विधानसभा मतदारसंघांच्या सीमा आणि मताचे मोल

विधानसभेच्या मतदारसंघासंबंधी राज्यघटनेच्या १७० व्या कलमाने दोन अपेक्षा व्यक्त केल्या आहेत. राज्यातील प्रत्येक मतदारसंघाची लोकसंख्या व त्यास दिलेल्या जागा यांचे प्रमाण शक्य तेथवर सर्वत्र सारखे असावे, ही पहिली. आणि प्रत्येक जनगणनेनंतर जागांची व सीमांची फेरजुळणी व्हावी, ही दुसरी. अभ्यासकांचे लक्ष बहुधा पहिलीकडेच जाते. वस्तुतः पहिलीचे आयुष्य दुसरीवर अवलंबून असते. लोकवस्ती ही वाहती गोष्ट आहे. सीमारेषा मात्र कागदावर स्थिर असते. एखाद्या वर्षी अत्यंत न्याय्यपणे आखलेली रेषा पुढे तिला कोणीही हात न लावता अन्याय्य होऊ शकते. सीमा बदलताना होणाऱ्या पक्षपाताची चर्चा पुष्कळ होते, पण सीमा न बदलल्याने होणारा पक्षपात सहसा नजरेत भरत नाही. महाराष्ट्राचा इतिहास या दुसऱ्या प्रकाराचा उत्तम नमुना होय.

आरंभीच्या काळात मतदारसंघांपेक्षा खुद्द राज्याच्याच सीमा अधिक वेगाने बदलत होत्या. १९५२ च्या मुंबई विधानसभेत ३१५ सभासद होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने कानडी जिल्हे म्हैसूरकडे गेले; मराठवाडा, विदर्भ, सौराष्ट्र व कच्छ मुंबई राज्यात आले, आणि १९५७ साली द्वैभाषिकाची विधानसभा ३९६ सभासदांची झाली. १ मे १९६० रोजी त्यांपैकी २६४ जागा महाराष्ट्राच्या वाट्यास आल्या. तोपर्यंत काही मतदारसंघांतून दोन सभासद निवडले जात, त्यांपैकी एक राखीव जागेवर. ती पद्धती १९६१ च्या कायद्याने संपुष्टात आली. पुढे १९६७ च्या निवडणुकीपासून २७० व १९७८ च्या निवडणुकीपासून २८८ जागा झाल्या. हा शेवटचा आकडा ४८ लोकसभा मतदारसंघांच्या नेमका सहापट आहे, आणि हा योगायोग नव्हे. विधानसभेचा प्रत्येक मतदारसंघ एकाच लोकसभा मतदारसंघाच्या पोटात बसला पाहिजे असा नियम आहे.

सीमा आखण्याचे काम भारतात विधिमंडळाकडे नाही, ते संसदेच्या कायद्याने नेमलेल्या पुनर्रचना आयोगाकडे असते. असे आयोग १९५२, १९६२, १९७२ व २००२ च्या कायद्यांन्वये स्थापन झाले. शेवटच्या आयोगाचे अध्यक्ष न्यायमूर्ती कुलदीप सिंग हे होते. राज्यातील काही खासदार व आमदार आयोगाचे सहयोगी सदस्य असतात, परंतु त्यांना मताचा अधिकार नसतो. मसुदा प्रसिद्ध होतो, हरकती मागविल्या जातात, जाहीर बैठकी होतात, आणि अंतिम आदेश राजपत्रात प्रसिद्ध झाला की त्यास कायद्याचे बळ येते. विधानसभेपुढे तो ठेवला जातो खरा, पण त्यातील एक अक्षरही तिला बदलता येत नाही. मतदारसंघ सलग व आटोपशीर असावा, डोंगर-नद्या, तालुक्यांच्या सीमा, दळणवळणाच्या सोयी यांचा विचार व्हावा, अशी कायद्याची आज्ञा आहे. म्हणूनच आदेशातील वर्णने तालुका, महसूल मंडळ, सजा व नगरातील प्रभाग यांच्या भाषेत असतात. ज्यांच्या जागा पणास लागलेल्या, त्यांच्याच हाती लेखणी देण्याची जी प्रथा अमेरिकेतील अनेक संस्थानांत रूढ झाली, तिच्यापासून ही योजना पुष्कळ अंशी मुक्त आहे.

तथापि अमेरिकेतीलच दुसरे एक उदाहरण येथे अधिक लागू पडते. टेनेसी संस्थानच्या विधिमंडळाने १९०१ नंतर साठ वर्षे जागांची फेरवाटणीच केली नाही. शहरे वाढत राहिली आणि ओसरत चाललेल्या ग्रामीण भागाच्या जागा तशाच राहिल्या. अखेर १९६२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने असा प्रश्न न्यायालयाच्या कक्षेत येतो असा निर्णय दिला. टेनेसीत स्थैर्य हे विधिमंडळाच्या अनास्थेचे फळ होते. भारतात ते राज्यघटनेनेच लादले. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने जागांची फेरवाटणी २००० नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत स्थगित झाली. कुटुंबनियोजनात यशस्वी झालेल्या राज्यांना प्रतिनिधित्वाचा तोटा होऊ नये, हे त्यामागील कारण समजण्यासारखे आहे. परंतु ते कारण राज्याराज्यांतील वाटणीस लागू पडते. एकाच राज्याच्या अंतर्गत सीमा गोठविण्यास त्याचा आधार मिळत नाही. आणि तरीही त्या गोठल्या.

याचा परिणाम ठाणे आणि जुना रत्नागिरी या दोन जिल्ह्यांच्या तुलनेत स्वच्छ दिसतो. १९७१ च्या जनगणनेत ठाण्याची लोकसंख्या सुमारे २२.८ लाख व रत्नागिरीची सुमारे १९.९ लाख होती. ठाण्यास १३ व रत्नागिरीस ११ जागा मिळाल्या. दर जागेमागे पहिल्या जिल्ह्यात सुमारे १ लाख ७५ हजार, दुसऱ्यात १ लाख ८१ हजार लोक, आणि राज्याची सरासरी १ लाख ७५ हजार. वाटणी अगदी काटेकोर होती. पुढे १९८१ साली रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला. २००१ च्या जनगणनेत या दोन्ही जिल्ह्यांची मिळून लोकसंख्या सुमारे २५.७ लाख भरली. ठाण्याची मात्र ८१.३ लाखांवर गेली. जागा त्याच, १३ आणि ११. म्हणजे ठाण्यात एका आमदारामागे सुमारे ६ लाख २५ हजार आणि दक्षिण कोकणात २ लाख ३३ हजार लोक होते. ठाणे, बेलापूर यांसारख्या मतदारसंघांत तर नवी नगरेच्या नगरे वसली होती. ठाणे जिल्ह्यातील रहिवाशाच्या मताचे मोल कोकणातील मताच्या निम्म्याहूनही खाली उतरले, आणि त्यासाठी कोणी कट करावा लागला नाही.

मुंबईत हाच प्रकार एका महानगरपालिकेच्या हद्दीत घडला. १९७१ मध्ये शहर सुमारे ३०.७ लाखांचे व उपनगरे २९ लाखांची. दोहोंस १७-१७ जागा. २००१ पर्यंत शहर ३३.४ लाखांवर थबकले, तर उपनगरे ८६.४ लाखांवर पोहोचली. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव ओसरले. चाळींतील नव्या पिढ्या डोंबिवली, कल्याण, विरारकडे सरकल्या. या कुटुंबांपैकी कितीतरी मुळात रत्नागिरी-सिंधुदुर्गातूनच आलेली होती. तेव्हा कोकणाच्या जागा ठाण्याने घेतल्या हे म्हणणे अर्धेच खरे आहे. पुष्कळ अंशी माणसेच गावाहून परळला आणि परळहून खाडीपलीकडे गेली, व त्यांचे प्रतिनिधित्व तीस वर्षे उशिराने त्यांच्यामागून गेले.

२००२ साली अमलात आलेल्या ८४ व्या दुरुस्तीने राज्यांच्या एकूण जागा २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत कायम ठेवल्या, पण अंतर्गत सीमांवरील बंधन उठविले. ८७ व्या दुरुस्तीने (२००३) त्यासाठी २००१ ची जनगणना आधारभूत मानली. २००८ च्या आदेशाने ठाण्याच्या जागा १३ वरून २४ झाल्या, मुंबई उपनगरांच्या १७ वरून २६. मुंबई शहर १७ वरून १० वर, रत्नागिरी ७ वरून ५ वर आणि सिंधुदुर्ग ४ वरून ३ वर आले. विदर्भाच्या ६६ जागांच्या ६२ झाल्या. अनुक्रमांकसुद्धा बदलले. पूर्वी पहिला क्रमांक सावंतवाडीचा असे. आता तो अक्कलकुव्याचा झाला व सावंतवाडी २७० वर गेली.

गणित जुळले, पण त्याची किंमत गावांनी मोजली. साताऱ्यात दहाच्या आठ जागा होताना खटाव व जावळी हे मतदारसंघ नाहीसे झाले. खटाव तालुक्याची काही मंडळे माणमध्ये गेली, तर काही कोरेगावात. तहसील एक, बाजारपेठ एक आणि आमदार मात्र वेगवेगळे, अशी स्थिती झाली. विरळ वस्तीच्या प्रदेशाची अडचण याहून वेगळी. १४,४१२ चौरस किलोमीटरच्या गडचिरोली जिल्ह्यात तीन आमदार आहेत, तर सुमारे ६०३ चौरस किलोमीटरच्या बृहन्मुंबईत छत्तीस. समतेचे माप माणूस हेच असावे, हे तत्त्व मान्य करूनही अहेरीच्या मतदारास आपला प्रतिनिधी किती दूर वाटत असेल याचा विचार टाळता येत नाही. कायद्यातील ‘शक्य तेथवर’ हे शब्द अशाच ठिकाणी उपयोगी पडतात. सिंधुदुर्गास तीन जागा मिळाल्या तेव्हा तेथील सरासरी २ लाख ९० हजार, म्हणजे राज्याच्या ३ लाख ३६ हजारांहून बरीच कमी होती.

राखीव जागांचा हिशेब केवळ भूगोलावर ठरत नाही. २००८ मध्ये अनुसूचित जातींच्या जागा १८ वरून २९ झाल्या, जमातींच्या २२ वरून २५. पहिल्या वाढीचे मोठे कारण कायद्यात आहे. १९५६ च्या धर्मांतरानंतर ज्यांनी आपली नोंद बौद्ध म्हणून केली ते अनुसूचित जातींच्या गणनेतून वगळले जात. १९९० च्या कायद्याने त्यांचा समावेश झाला. माणसे तीच, तेथेच राहणारी. गणनेची व्याख्या बदलली आणि अकरा जागा वाढल्या. जमातींच्या जागा त्यांचे प्रमाण सर्वाधिक असेल तेथेच ठेवतात, तर जातींच्या जागा राज्याच्या निरनिराळ्या भागांत विखुरतात. त्यामुळे आरक्षण येण्याजाण्याचा फेरा दुसऱ्या प्रकारातच अधिक तीव्र असतो.

अशा बदलांविरुद्ध दाद मागण्याची वाट अरुंद आहे. उज्जैन मतदारसंघ राखीव झाल्याविरुद्धच्या मेघराज कोठारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली ३२९ व्या कलमाचा आधार घेऊन आयोगाचा आदेश आव्हानापलीकडे ठरविला. २०२४ मध्ये बारडोलीसंबंधीच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने उघड मनमानी किंवा घटनेच्या मूल्यांशी विसंगती आढळल्यास तपासणीचा मार्ग बंद नाही, असे म्हटले. दाद मागता येते ती रेषा ओढल्याबद्दल. ती न ओढल्याबद्दल कोणाविरुद्ध मागावी, हा प्रश्न या निकालांनी सोडविलेला नाही.

२००८ च्या आदेशानंतरच्या पहिल्याच जनगणनेत, म्हणजे २०११ साली, ठाणे जिल्ह्यात दर जागेमागे सुमारे ४ लाख ६१ हजार आणि सिंधुदुर्गात २ लाख ८३ हजार लोक आढळले. सिंधुदुर्ग व रत्नागिरी या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या मधल्या दशकात प्रत्यक्ष घटली होती. २०१४ मध्ये ठाण्यातून पालघर जिल्हा निघाला. चोवीस जागांपैकी सहा त्याच्याकडे गेल्या, पण मतदारसंघांच्या सीमा होत्या तेथेच राहिल्या. २०२१ ची जनगणना लांबणीवर पडली, आणि जून २०२५ च्या अधिसूचनेने पुढील गणनेसाठी १ मार्च २०२७ ही तारीख मुक्रर केली.