ट्रिस्टन द कुन्हाचा अग्निपर्वत

भूगोल शिकवीत असता पृथ्वीच्या गोलावर दक्षिण अटलांटिक महासागरातील एका ठिपक्यावर मी बोट ठेवी, तेव्हा तो शाईचा डाग असावा अशी बहुतेक मुलांची समजूत होई. तो ठिपका म्हणजे ट्रिस्टन द कुन्हा. याच नावाच्या पोर्तुगीज दर्यावर्दीस इ. स. १५०६ मध्ये हिंदुस्थानाकडे येताना हे बेट दिसले. पुढे गोवे घेणारा अल्बुकर्क त्याच सफरीवर होता. येथून सेंट हेलेना सुमारे २,४०० किलोमीटर दूर आहे.

यास बेट म्हणावयाचे ते केवळ सोयीसाठी. वस्तुतः समुद्राच्या तळापासून सुमारे साडेपाच हजार मीटर चढलेला हा एक अग्निपर्वत असून, त्याचा जेमतेम वरचा तिसरा हिस्सा पाण्याबाहेर आहे. पेटत्या समईवर धरलेला पत्रा हळूहळू सरकवावा, म्हणजे त्यावर काजळीची रेघ उमटते. समई जागची हलत नाही, पत्रा मात्र सरकतो. तद्वत् भूगर्भातील एका तप्त स्थानावरून सागरतळ सरकत गेला आणि येथपासून आफ्रिकेच्या नामिबिया किनाऱ्यापर्यंत बुडालेल्या डोंगरांची रांग उमटली. त्या किनाऱ्यावर आणि पलीकडे ब्राझिलात सुमारे तेरा कोटी वर्षांपूर्वीचे लाव्हाचे थर आजही दिसतात. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडाचा संबंध पुष्कळ भूशास्त्रज्ञ हिंदी महासागरातील रियुनियन बेटाखालच्या अशाच एका स्थानाशी जोडतात.

या पर्वताच्या कडा सरळ समुद्रात उतरतात. वस्तीजोगी सपाट पट्टी काय ती वायव्येच्या पायथ्याशी. तेथेच गाव वसले. मुख्य शिखर शांत होते, परंतु अशा पर्वताचा रस शिखरातूनच निघेल असा नेम नसतो. अंगावर जागोजाग उभ्या असलेल्या लहान शंकूंवरून ते कोणासही दिसावे! १९६१ च्या ऑगस्टपासून भूकंपाचे धक्के बसू लागले आणि ऑक्टोबरात गावाला लागूनच जमीन फुगून फाटली. रस घट्ट होता. तो पाण्यासारखा न धावता ढिगाऱ्यासारखा वाढत गेला. त्यामुळे २६४ माणसांस होड्यांतून निसटण्यास अवधी मिळाला. अखेर ती सर्व इंग्लंडात पोहोचली.

१९६२ मध्ये रॉयल सोसायटीचे शास्त्रज्ञ बेटावर गेले, तो बहुतेक घरे शाबूत! मात्र मासळीचा कारखाना आणि होड्या लावण्याचा किनारा लाव्हाखाली गेला होता. इंग्लंडात नोकऱ्या होत्या, दिवे होते, दवाखाने होते. तरी बहुतेक बेटवासी १९६३ मध्ये परतले. पुढे त्यांच्यासाठी लहानसे नवे बंदर बांधण्यात आले. समुद्र शांत असेल त्याच दिवशी होड्या तेथून बाहेर पडतात.