बांधावरचे संख्याशास्त्र

बारावीनंतर संख्याशास्त्राकडे वळणारा विद्यार्थी पुष्कळदा दुसऱ्या एखाद्या दारावरून परत फिरलेला असतो. हा विषय म्हणजे गणिताचे धाकटे भावंड. सूत्रे पाठ केली आणि संगणक हाताशी असला की भागते, अशी समजूत घरात असते आणि, दुर्दैवाने, अनेक महाविद्यालयांतही असते. या समजुतीने विषयाचे नुकसान होतेच. तो निवडणाऱ्या तरुणाचे त्याहून अधिक होते.

१९४० च्या दशकात पिकाच्या उत्पन्नाचा अंदाज कसा बांधावा, यावरून देशातील दोन मोठ्या संख्याशास्त्रज्ञांत वाद झडला. एकीकडे १९३१ साली कलकत्त्यात भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन करणारे प्रशांतचंद्र महालनोबिस. दुसरीकडे सातारा जिल्ह्यातील बुध गावचे, फर्ग्युसनमधून लंडनला जाऊन आलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे. शेतातील एक तुकडा कापून, तोलून साऱ्या पिकाचा अंदाज काढावा, हे दोघांनाही मान्य होते. मतभेद होता तो तुकड्याच्या आकाराविषयी. महालनोबिस लहान वर्तुळांच्या बाजूचे. त्यांचा मुद्दा पोकळ नव्हता: तेवढ्याच खर्चात कितीतरी अधिक ठिकाणे पाहता येतात. सुखात्मे यांनी मात्र दाखवून दिले की, लहान तुकड्यांतून उत्पन्न वास्तवापेक्षा अधिक दिसते. कडेवरचे रोप आत धरायचे की बाहेर, हे कापणाऱ्याने ठरवायचे असते आणि त्याचा हात नकळत आत धरण्याकडे झुकतो. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळाला क्षेत्रफळाच्या मानाने वीस फूट त्रिज्येच्या वर्तुळापेक्षा दहापट कड असते. शिवाय ही चूक एकाच दिशेची. नमुने हजारांनी वाढवले तरी ती फिटत नाही.

हा वाद केवळ विद्वानांचा नव्हे. पीक विम्याची भरपाई ठरवताना पीक कापणी प्रयोगांचा आधार आजही घेतला जातो. तेथे उत्पन्न फुगलेले दिसले, तर शेतकऱ्याच्या हातची रक्कम जाते. सूत्र अचूक असूनही जाते.

पदवीधराला वाटा पुष्कळ आहेत. भारतीय सांख्यिकी सेवा १९६१ मध्ये सुरू झाली. तिची परीक्षा संघ लोकसेवा आयोग घेतो. राज्याचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय आहे. विमा, बँका, औषधांच्या चाचण्या, ही क्षेत्रेही आहेत. पण सर्वत्र त्याच्यासमोर कोणीतरी गोळा केलेला आकडा येणार. तो कोणी, कोठे उभे राहून, कोणता प्रश्न विचारून मिळवला, हे ज्याला विचारावेसेच वाटत नाही, त्याचे काम यंत्र त्याच्यापेक्षा लवकर करील.

आपल्या प्रात्यक्षिकाच्या वहीत मात्र आकडे तयार छापलेले येतात. तीन वर्षांत एकदा तरी विद्यार्थ्याने स्वतः प्रश्नावली आखावी, पन्नास घरांची दारे ठोठवावीत, किती दारे बंद राहिली याची नोंद ठेवावी, आणि त्या बंद दारांसकट आलेला निष्कर्ष वर्गापुढे मांडून त्यावरचे आक्षेप ऐकावेत. यासाठी वेळ नाही, असे प्राध्यापक म्हणतील. वेळापत्रकातील चार तयार तक्ते कमी केले, तर तो निघेल.