संगणकीय नकलांतील रूपदोष व त्यांची चिकित्सा

मोडी कागदांचीं बाळबोध लिप्यंतरें संगणकावर उतरून ठेवण्याचा प्रघात आपल्या संग्राहकवर्गांत गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत पडला. त्या वेळच्या नकला आज उघडूं गेल्यास पुष्कळदां पडद्यावर देवनागरीच्या जागीं रोमन अक्षरांचा व चिन्हांचा निरर्थक पुंजका उमटतो. कधीं अक्षरें दिसतात, पण वेलांट्या भलतीकडे गेलेल्या, जोडाक्षरें फुटलेलीं व जमाखर्चाचे आंकडे सरकलेले असतात. अशी फाइल हातीं आली म्हणजे कोणी ती बिघडली म्हणून टाकून देतो, तर कोणी संगणक जाणणाऱ्या एखाद्या होतकरू मुलाकडून ती साफ करवून घेतो. पहिल्यापेक्षां दुसरा उपाय अधिक घातक आहे. टाकून दिलेली फाइल निदान कोठें तरी जशीच्या तशी पडून राहते. साफ केलेली फाइल कायमची मुकी होते. मूळ दप्तर घराण्याकडे परत गेलें, वांटणींत विखुरलें किंवा वाळवीनें खाल्लें, असें जेथें झालें असेल तेथें ही नक्कल हीच अस्सलाची उरलेली साक्ष होय. म्हणून तिच्या दोषांचें निदान कसें करावें हें सविस्तर सांगणें अवश्य वाटतें.

वर्डसारख्या लेखनप्रणालींतील मजकुराचे तीन थर असतात. संगणकानें प्रत्यक्ष सांठविलेले अक्षरांचे अंक हा पहिला. त्या अंकांस पडद्यावर आकार देणारा फाँट हा दुसरा. आणि समास, ओळी, रकाने, क्रमांक यांची मांडणी हा तिसरा. दोष कोणत्या थरांत आहे हें ठरल्यावांचून औषध देऊं नये. इंग्रजी पत्रव्यवहार करणारांस असा सर्वसाधारण उपदेश केला जातो कीं, मांडणी बिघडली असतां सर्व मजकूर निवडून कंट्रोल व स्पेस या कळा एकदम दाबाव्या, म्हणजे अक्षरांवरील सारे संस्कार पुसले जाऊन मजकूर मूळ स्थितीस येतो. त्यांच्यापुरता तो उपदेश बरोबरच आहे, कारण तेथें फाँट हा अक्षराचा केवळ पोशाख असतो. आपल्या जुन्या नकलांत मात्र फाँटाचें नांव हीच मजकुराची किल्ली आहे. ती पुसली म्हणजे कोणता अंक कोणत्या अक्षराबद्दल होता हें सांगणारें फाइलींत कांहीं उरत नाहीं.

असें कां झालें, तें थोडक्यांत सांगतों. भारतीय लिपींकरितां ‘इस्की’ नांवाची संकेतावली १९८८ मध्यें ठरली व १९९१ मध्यें सुधारून भारतीय मानक १३१९४ म्हणून प्रसिद्ध झाली. युनिकोडची पहिली आवृत्तीहि १९९१ चीच, व तींतील देवनागरीचा क्रम इस्कीच्या धर्तीवरच लावलेला आहे. तथापि सामान्य माणसाच्या संगणकावर युनिकोड देवनागरी नीट उमटूं लागली ती विंडोज २००० पासून. मधल्या काळांत व पुढेंहि कित्येक वर्षें आपलें काम भागविलें तें पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीनें, सीडॅकच्या आयएसएमनें, आकृतीनें व तत्सम प्रणालींनीं. या प्रणालींच्या फाँटांत देवनागरीचे आकार रोमन अक्षरांच्या घरांत बसविलेले असत. घरें अवघीं २५६. जोडाक्षरें त्यांहून कितीतरी अधिक. तेव्हां अक्षरांचे तुकडे करून ते जुळवावे लागत, जसे छापखान्यांतील खिळे जुळवितात. त्यांत प्रत्येक कारखान्याची घरांची वांटणी निराळी. संगणकाच्या लेखीं मात्र तो सारा मजकूर इंग्रजीच होता.

भोर तालुक्यांतील, पुणें-सातारा मार्गावरील शिवरे या गांवाचें नांव उदाहरणास घेऊं. युनिकोडांत या नांवाचे पांच अंक होतात: श (२३५८), वेलांटी (२३६७), व (२३५७), र (२३५२) आणि मात्रा (२३७५). वेलांटी दिसते श च्या आधीं, पण सांठविली जाते श च्या नंतर, म्हणजे उच्चाराच्या क्रमानें. जुन्या फाँटांत याच्या उलट. तेथें जें डावीकडे दिसतें तें आधीं, म्हणून पहिली वेलांटी. मग बहुधा काना नसलेला अर्धा श, मग त्याचा उभा दंड, पुढें व, र, आणि मात्रा. कागदावर छापिलें असतां दोहोंत अणुमात्र फरक दिसत नाहीं. पण पहिल्या नकलेंत ‘शिवरे’ हा शब्द शोधला तर सांपडतो, दुसरींत सांपडत नाहीं. स्थलनामांची सूचि वर्णानुक्रमें लावावयास सांगितली तर आणखी चमत्कार घडतो. शिवरे, किकवी, विंझर व हिरडस मावळ हीं चारी नांवें वेलांटीच्या एकाच घरांत शेजारीं येऊन बसतात, कारण संगणकाच्या मतें त्या सर्वांचें आद्याक्षर एकच. ज्या संग्राहकाच्या सूचींत अशी जत्रा भरलेली दिसेल त्यानें आपली नक्कल जुन्या फाँटांतील आहे असें निश्चित समजावें.

अशा फाइलीवर प्रयोग करण्यापूर्वीं तिची प्रत काढून मूळ फाइल केवळ वाचनापुरती खुली राहील अशी ठेवावी. ही सूचना अतिसावधपणाची वाटेल, पण ती तशी नाहीं. संगणक हा मजकूर इंग्रजी समजत असल्यामुळें वर्डमधील आपोआप दुरुस्ती करणारी सोय त्यावर इंग्रजीचे नियम चालविते. वाक्याचें पहिलें अक्षर मोठें करणें हा त्यांतील एक नियम. आणि जुन्या फाँटांत लहान व मोठें रोमन अक्षर म्हणजे देवनागरीचीं दोन सर्वस्वीं भिन्न अक्षरें! कोणी त्या फाइलींत परिच्छेदारंभीं चार शब्द घातले कीं पहिलें अक्षर मुकाट्यानें पालटतें, आणि पुढचा वाचक तो लेखकप्रमाद किंवा पाठभेद समजून त्यावर टीप लिहितो. ही सोय आधीं बंद करावी, मगच कामास लागावें.

त्यानंतर बिघडलेल्या मजकुरांत कर्सर ठेवून वर फाँटाच्या चौकटींत कोणतें नांव दिसतें तें टिपून घ्यावें. तो फाँट संगणकावर नसला तरी त्याचें नांव तेथें बहुधा राहिलेलें असतें. फाँट मिळवून बसविला कीं मजकूर वाचतां येतो. त्या स्थितींत फाँट आंत अंतर्भूत करून एक पीडीएफ प्रत काढावी, म्हणजे पुढील तपासणीस ती प्रमाण होते. मग त्याच फाँटकुळाकरितां केलेला परिवर्तक लावून मजकूर युनिकोडांत आणावा. श्रीलिपीच्या मजकुरास आयएसएमचा परिवर्तक लावला तर अक्षरें देवनागरीच निघतात, पण अर्थहीन. निव्वळ कचरा निघाला तर बरें, कारण तो डोळ्यांस दिसतो. अर्धवट जुळणाऱ्या परिवर्तकाचें काम अधिक भयंकर.

परिवर्तनानंतर सर्वांत अधिक काळजी ज्या ठिकाणीं घ्यावी लागते तें पुन्हां शिवऱ्याच्याच नांवांत सांपडतें. शिवरे या नांवाचें सामान्यरूप ‘शिवऱ्या-’. ‘शिवऱ्याचे पाटील’ यांतील अर्धा र हा आडव्या कोयत्यासारखा लिहावयाचा. तो रफार झाला तर ‘शिवर्याचे’ असें कोणत्याच मराठी माणसाच्या तोंडीं नसलेलें रूप होतें. कऱ्हाड, वऱ्हाड, गोऱ्हे, दऱ्या या सर्वांची हीच गत. युनिकोडांत हा र दोन रीतींनीं लिहितां येतो: एक, ऱ या स्वतंत्र अक्षरानें (२३५३), त्यापुढें हलन्त व य, दुसरी, साध्या र पुढें हलन्त, त्यापुढें ८२०५ अंकाचें अदृश्य जोडचिन्ह व मग य. दोन्ही पडद्यावर सारखींच दिसतात. शोध घेणाऱ्या यंत्रास मात्र ते दोन शब्द वाटतात. कांहीं परिवर्तक तें अदृश्य चिन्ह गाळतात, आणि मग रफार उमटतो. प्रस्तुत लेखकाचें मत असें कीं, पहिली रीत सर्वत्र चालवावी. ती दृश्य अक्षरांवरच अवलंबून असल्यामुळें मजकूर एका प्रणालींतून दुसरींत नेतांना तुटण्याचा संभव कमी. शिवाय मोडींत श व स यांची अदलाबदल विपुल असते, म्हणून ‘सिवरे’ असाहि शोध घ्यावा लागतो. पण तो अस्सलाचा गुण आहे, यंत्राचा दोष नव्हे, आणि तो दुरुस्त करूं नये.

जमाखर्चाच्या कागदांत प्रश्न पैशाचा असतो. १। म्हणजे सव्वा, १॥ म्हणजे दीड व १॥। म्हणजे पावणेदोन हें वाचकांस सांगावयास नको. हे दंड टंकतांना कित्येकांनीं काना वापरून काम भागविलें आहे, तर कित्येकांनीं इंग्रजी एकाचा आंकडा. जुन्या फाँटांत तें खपून गेलें. युनिकोडांत मात्र आंकड्यापुढील निराधार कान्यापाशीं ठिपक्यांचें वर्तुळ उमटतें. हें वर्तुळ मजकुरांत नसतेंच. आधारावांचून आलेलें स्वरचिन्ह दाखविण्यासाठीं यंत्र तें काढतें, म्हणून शोध करून तें सांपडत नाहीं, डोळ्यांनींच पाहावें लागतें. त्या त्या जागीं खरा दंड (२४०४) वा दुहेरी दंड (२४०५) घालावा. इंग्रजी एकाचा दंड केला असेल तेथें वर्तुळहि उमटत नाहीं. तेथें दीड रुपयाचे एकशें अकरा होतात, व ती चूक बेरजेवांचून पकडतां येत नाहीं. म्हणून ताळेबंदाची बेरीज घेतल्याखेरीज नक्कल पुरी झाली असें मानूं नये.

कलमांच्या क्रमांकांसंबंधीं एक गोष्ट लक्षांत असावी. परिच्छेदारंभीं आंकडा व टिंब टंकतांच वर्ड त्याची आपोआप चालणारी यादी बनवितें. तो आंकडा मग मजकुराचा भाग राहत नाहीं. मध्यें एखादी संपादकीय ओळ शिरली तर पुढचे सर्व क्रमांक बदलतात. मूळ कागदांत चौथें कलम फाटून गेलें असून तिसऱ्यापुढें पांचवें येत असेल, तर वर्ड त्या पांचव्यास चौथें करून ठेवतें, आणि तुटलेल्या कलमाचा पुरावाच नाहींसा होतो. अशी यादी सांपडल्यास पीडीएफ प्रतीशीं व अस्सल उपलब्ध असल्यास त्याच्याशीं ताडून क्रमांक हातानें लिहावे व यादीची सोय बंद करावी.

राहिली केवळ मांडणीची बाब. रकाने स्पेसची कळ वारंवार दाबून पाडले असतील तर फाँट बदलतांच ते मोडतात. त्यांच्या जागीं रेषाविरहित कोष्टक घालावें. मूळच्या ओळी राखण्यासाठीं शिफ्ट व एंटर वापरलें असून परिच्छेद दोन्ही समासांस भिडविलेला असेल, तर शब्द ताणले जाऊन मध्यें खिंडी पडतात. परिच्छेद डाव्या समासास लावला कीं दोष जातो. अक्षराचा आकार वाढवूनहि देवनागरी होती तेवढीच राहते, अशी तक्रार नेहमीं ऐकूं येते. वर्डमध्यें रोमन व देवनागरी यांच्या फाँटांची व आकाराची नोंद निरनिराळी असते. फाँटाच्या पूर्ण चौकटींत जटिल लिपींसाठीं जी जागा आहे ती भरावी लागते. शैलींतच ती एकदां भरून ठेवली म्हणजे प्रत्येक पानावर तोच खटाटोप करावा लागत नाहीं. हे दोष त्रासदायक खरे, पण निरुपद्रवी. त्यांनीं कोणाचें वतन बदलत नाहीं.

मोडी लिपीस २०१४ मध्यें युनिकोडच्या सातव्या आवृत्तींत स्वतंत्र स्थान मिळालें, तेव्हां बाळबोध नकलेशेजारीं मूळ मोडी अक्षरेंहि देणें आतां शक्य आहे. दुरुस्त नकलेबरोबर जुनी फाइल, तिची पीडीएफ प्रत, मूळ फाँटाचें नांव व वापरलेल्या परिवर्तकाची नोंद, एवढें सारें एकाच पुडक्यांत ठेवावें, म्हणजे ‘शिवर्याचे’ असें कोठें आढळल्यास तो रफार कागदांतला कीं यंत्रांतला, हें पुढच्या संशोधकास ताडून पाहतां येईल.