निर्मळचा वारा, ग्रीसची गलबतं

ॲरिस्टॉटलचं खरं मानायचं तर निर्मळमध्ये माणूस राहूच शकत नाही! इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात या ग्रीक विचारवंताने पृथ्वीचे पट्टे सांगितले. ध्रुवांकडे गोठवणारी थंडी, मध्ये होरपळवणारं ऊन आणि या दोहोंच्या मधला पट्टा तेवढा राहण्याजोगा. कर्कवृत्ताच्या खाली वस्ती अशक्य, असं त्याचं मत. कर्कवृत्त साडेतेवीस अंशांवर, आपलं निर्मळ साडेएकोणीसच्या आसपास. म्हणजे तळं, केळीच्या वाड्या, यात्रेतली सुकेळी, सगळंच बाद!

हसू येतं, पण गडी निम्मा बरोबर होता. ‘क्लायमेट’ हा शब्द ग्रीक ‘क्लिमा’वरून आलाय आणि त्याचा अर्थ आहे उतार, कल. सूर्यकिरण जितके कलून पडतात, तितकी जमीन कमी तापते. घरातल्या धाकट्यांना हे समजवायचंय? मोबाइलचा टॉर्च वहीवर आधी सरळ धरा, मग तिरका. तिरका धरला की तोच उजेड जास्त जागेत पसरतो आणि फिका पडतो. निर्मळला वर्षातून दोनदा, मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटी, भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली गायब होते. जुलैत ढगांमुळे दिसणं कठीण, पण मेमध्ये करून बघाच. अथेन्स ३८ अंशांवर आहे, तिथे असं कधीच घडत नाही.

मग चुकलं कुठे? ॲरिस्टॉटलच्या हिशोबात आपला पावसाळा नव्हता. ग्रीसमध्ये पाऊस मुख्यतः हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. म्हणून तिथे ऑलिव्ह आणि द्राक्षं, आपल्याकडे भात. आपला पाऊस कसा येतो हे कळायला मेच्या दुपारी भुईगावच्या किनाऱ्यावर अनवाणी चाला. वाळू चटके देते, पाणी मात्र गार. जमीन लवकर तापते, समुद्र उशिरा. तापलेल्या जमिनीवरची हवा हलकी होऊन वर जाते, तिथला दाब कमी होतो आणि समुद्रावरून बाष्प घेऊन नैर्ऋत्येचे वारे आत शिरतात. हिवाळ्यात सगळं उलटं. जमीन आधी गार होते आणि वारे ईशान्येकडून समुद्राकडे वाहतात.

वाऱ्यांचं हे टाइमटेबल उमगल्यावर ग्रीक बोलणारे व्यापारी अरबी समुद्र थेट ओलांडू लागले. ‘पेरिप्लस’ हे पहिल्या शतकातलं ग्रीक पुस्तक म्हणजे अशाच एका अनाम व्यापाऱ्याचं गाइड. भारताकडे यायचं तर इजिप्तहून जुलैच्या सुमारास निघा, असं ते सांगतं. भडोचनंतरच्या बाजारपेठांत ते नाव घेतं ‘सौप्पारा’चं आणि मग कल्याणचं. हे सौप्पारा म्हणजे आपलं सोपारा, निर्मळहून अगदी काही किलोमीटरवर! परत जाताना भरवसा ईशान्येच्या वाऱ्यांवर. कार्तिकात निर्मळची यात्रा भरते, त्या दिवसांत वारा फिरू लागलेला असतो.

ग्रीकांची खबर इथे त्याआधीही होती. १८८२मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला. त्याच वर्षी सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. नवव्याचा तुकडा १९५६मध्ये सापडला, तोही निर्मळशेजारच्या भुईगावात. याच चौदा लेखांच्या मालिकेतला तेरावा लेख पाच ग्रीक राजांची नावं घेतो.

शाळेत ग्रीस इतिहासाच्या पुस्तकात असतो, वारे भूगोलाच्या. दोन्ही पेपर वेगळे, त्यामुळे दोन्ही आपल्या खाडीत भेटतात हे पोरांना कुणी सांगत नाही. आणि हे फक्त मार्कांपुरतं नाही. सोपाऱ्याचं बंदर गेलं, खाडी गाळाने उथळ झाली. पण वारा अजून त्याच दिशेने येतो आणि तेवढंच पाणी आणतो. जुलै २०१८मध्ये वसई-नालासोपारा पाण्याखाली गेलं, लोकल थांबल्या, तेव्हा ते पाणी आपली जुनी वाट शोधत होतं.

या सुट्टीत धाकट्या भावंडांना सोपाऱ्याचा स्तूप दाखवून आणा. येताना त्यांना एवढंच विचारा, एके काळी जिथे गलबतं लागायची, तिथलं पाणी आता कुठून जातं? उत्तर शोधायला नकाशा लागेल, आणि थोडी पायपीटही.