विकिपीडियाच्या चावडीवर : वादांबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

शाळेचा प्रकल्प असो, स्पर्धा परीक्षेची टिपणं असोत की चहाच्या टपरीवर लागलेली पैज, शेवटी मोबाइलवर विकिपीडिया उघडतोच. इंग्रजी विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला आणि मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, ऐन महाराष्ट्र दिनी. इतकी वर्षं आपण तो वाचतो आहोत. पण तो लिहितं कोण, आणि लिहिणाऱ्यांत जुंपली तर निवाडा कोण करतं, असं विचारलं की बहुतेकांकडून ऐकीव उत्तरं मिळतात. त्यातली सहा इथे तपासून पाहू.

गैरसमज १ : कुणीही काहीही लिहितं आणि ते तसंच राहतं.

वस्तुस्थिती : कुणीही लिहू शकतं, हे बहुतांश लेखांबाबत खरं आहे. तसंच राहतं, हे मात्र खरं नाही. समजा, तुम्ही तुमच्या गावाच्या लेखात एक वाक्य घातलंत : ‘येथील यात्रा चारशे वर्षांपासून भरते.’ वाक्य लगेच दिसू लागतं. पण त्याच क्षणी लेखाच्या ‘इतिहास’ पानावर एक ओळ चढते. त्यात तारीख, वेळ, तुमचं सदस्यनाव आणि मजकूर किती बाइटने वाढला याची नोंद असते. तीच नोंद ‘अलीकडील बदल’ या यादीत जाते. ज्यांनी हा लेख आपल्या पहाऱ्याच्या सूचीत ठेवला आहे, त्यांनाही ती दिसते. मग कुणीतरी येऊन वाक्यापुढे ‘संदर्भ हवा’ अशी खूण करतं किंवा वाक्य काढून टाकतं. काढलं तरी जुनी आवृत्ती इतिहासात शाबूत असते आणि एका टिचकीत परत आणता येते. बदनामीकारक किंवा खासगी मजकूर तेवढा प्रचालक, म्हणजे जादा अधिकार दिलेले सदस्य, तिथूनही झाकून टाकतात.

शिवीगाळ करणं, पान रिकामं करणं यासारख्या प्रकारांना मराठी विकिपीडियावर ‘उत्पात’ म्हणतात. ठरवून दिलेली कामं आपोआप करणाऱ्या प्रोग्रामला तिथे ‘सांगकाम्या’ असं नेमकं नाव आहे. इंग्रजी विकिपीडियावर असे सांगकामे बराचसा उत्पात माणसाचं लक्ष जाण्याआधीच उलटवतात.

तरीही चुका निसटतात. २००५ साली अमेरिकन पत्रकार जॉन सीगेन्थेलर यांच्या चरित्रलेखात कुणीतरी केनेडी बंधूंच्या हत्यांशी त्यांचा संबंध जोडणारी खोटी माहिती घातली. ती सुमारे चार महिने तशीच राहिली. हे उघडकीला आल्यावर त्याच वर्षी डिसेंबरपासून इंग्रजी विकिपीडियाने खातं नसलेल्यांना नवा लेख सुरू करण्यास मनाई केली.

गैरसमज २ : वाद झाला की ज्याची माणसं जास्त, त्याचं खरं.

वस्तुस्थिती : निर्णयाचा पाया सहमती हा आहे. प्रत्येक लेखाला जोडून एक चर्चा पान असतं. वाद तिथे मांडायचा, संदर्भ द्यायचे आणि समोरचाही सद्हेतूने लिहितो आहे असं गृहीत धरायचं, हा रिवाज आहे. हात किती वर झाले यापेक्षा कुणाचे संदर्भ भक्कम आहेत, हे पाहायचं असतं. दहा मित्रांना नवी खाती काढायला लावून मतं गोळा करणं हा तर तिथे गुन्हाच मानला जातो.

दोघं एकमेकांचे बदल सतत उलटवू लागले, तर त्याला ‘संपादन युद्ध’ म्हणतात. इंग्रजी विकिपीडियावर एकाच लेखात २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचे बदल उलटवणाऱ्याला काही काळ संपादनापासून रोखलं जातं. तुमचं म्हणणं बरोबर असलं तरी हा नियम लागू होतो.

मतदान झालंच नाही असं नाही. पोलंडमधल्या ग्दान्स्क शहराला जर्मन भाषेत डांझिग म्हणतात. दोन्ही नावांमागे शतकांचा इतिहास आहे आणि दुसऱ्या महायुद्धाच्या जखमाही. कुणी ‘ग्दान्स्क’ लिहावं, दुसऱ्याने खोडून ‘डांझिग’ करावं, असं चक्र इंग्रजी विकिपीडियावर बराच काळ चाललं. शेवटी २००५ च्या सुरुवातीला मत घेतलं गेलं. पण प्रश्न ‘कुठलं नाव खरं’ असा ठेवला नाही, तो ‘कुठल्या काळासाठी कुठलं नाव’ असा मोडून घेतला. १३०८ ते १९४५ या काळाबद्दल लिहिताना डांझिग आणि त्याच्या आधीच्या व नंतरच्या काळासाठी ग्दान्स्क, असं ठरलं. दोन्ही बाजूंचा इतिहास त्यात बसला. प्रश्न नीट मांडला की अर्धं भांडण मिटतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

गैरसमज ३ : हे वाद म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग.

वस्तुस्थिती : काही वाद बाहेरून तसे दिसतात खरे. इंग्रजीत ‘योगर्ट’ या शब्दात ‘एच’ हे अक्षर हवं की नको, यावर वर्षानुवर्षं खल झाला आणि २०११ मध्ये ‘एच’ गळला. पण कागदावरच्या कोशाच्या कचेरीतही अशा चर्चा होतच असणार. फरक इतकाच की त्या बंद दाराआड होत आणि आपल्या हाती तयार खंड येई. इथे दार उघडं आहे.

शिवाय वादाने लेख सुधारतो, याला संशोधनाचा आधार आहे. ‘नेचर ह्यूमन बिहेविअर’ या नियतकालिकात २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इंग्रजी विकिपीडियाचे दोन लाखांहून अधिक लेख तपासले होते. एकाच राजकीय विचाराच्या गटाने लिहिलेल्या लेखांपेक्षा परस्परविरोधी विचारांच्या लोकांनी मिळून लिहिलेले लेख अधिक दर्जेदार असल्याचं त्यात दिसलं. समोर विरोधक असला की माणूस संदर्भ शोधतो आणि विशेषणं गाळतो.

गैरसमज ४ : मजकूर कंपनी लिहिते, तक्रार केली की तीच बदलते.

वस्तुस्थिती : विकिमीडिया फाउंडेशन ही २००३ साली स्थापन झालेली ना-नफा संस्था सर्व्हर, तांत्रिक यंत्रणा आणि कायदेशीर बाबी सांभाळते. लेख स्वयंसेवक लिहितात आणि त्याचे पैसे फाउंडेशन त्यांना देत नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत इंग्रजी विकिपीडियावरच्या छत्रपती संभाजी महाराजांविषयीच्या मजकुरावरून महाराष्ट्रात संताप उसळला आणि राज्याच्या सायबर विभागाने फाउंडेशनला नोटीस पाठवली. लोकांच्या भावना तीव्र होत्या आणि त्या समजण्यासारख्या आहेत. पण लेखातलं एखादं वाक्य चुकीचं किंवा एकांगी वाटत असेल, तर त्याला भिडण्याची रोजची जागा चर्चा पान हीच आहे. तिथे अस्सल साधनं आणि मान्यवर इतिहासकारांचे ग्रंथ पानांच्या क्रमांकांसह मांडणारा एक अभ्यासू माणूस शंभर संतप्त संदेशांपेक्षा जास्त काम करून जातो.

प्रचालक तरी मालक असतील, असं काहींना वाटतं. त्यांना समुदायच निवडतो. पान सुरक्षित करणं, वगळणं आणि सदस्याला रोखणं ही त्यांची हत्यारं. मजकुराच्या वादात त्यांचं मत इतरांच्या मताइतकंच. इंग्रजी विकिपीडियाची लवाद समितीही सदस्यांच्या वागणुकीवर निर्णय देते, मजकूर काय असावा यावर देत नाही.

गैरसमज ५ : ज्याला खरं ठाऊक आहे, त्याचा शब्द शेवटचा.

वस्तुस्थिती : विकिपीडियाला ‘मला ठाऊक आहे’ पुरत नाही, ‘कुठे छापलं आहे’ हे लागतं. २०१२ साली अमेरिकन कादंबरीकार फिलिप रॉथ यांना स्वतःच्याच ‘द ह्यूमन स्टेन’ या कादंबरीवरच्या लेखातला एक दावा चुकीचा वाटला. तो बदलायला गेल्यावर त्यांना दुय्यम संदर्भ मागण्यात आला. त्यांनी ‘द न्यू यॉर्कर’मध्ये खुलं पत्र लिहिलं आणि ते छापून आलेलं पत्रच मग लेखासाठी संदर्भ ठरलं.

या नियमाची किंमतही मोजावी लागते. कॅनडाच्या भौतिकशास्त्रज्ञ डोना स्ट्रिकलंड यांच्यावरचा मसुदा २०१८ च्या मे महिन्यात पुरेशा संदर्भांअभावी नाकारला गेला. ऑक्टोबरमध्ये त्यांना नोबेल जाहीर झालं, तेव्हा इंग्रजी विकिपीडियावर त्यांचा लेखच नव्हता. जगाने ज्यांच्याविषयी लिहिलेलं नाही, त्यांना विकिपीडियावर जागा मिळणं अवघड जातं. आपल्याकडच्या लोककलावंतांना, गावोगावच्या कार्यकर्त्या स्त्रियांना हे फार लागू पडतं. त्यांच्यावर आधी चांगले लेख आणि पुस्तकं लिहिली गेली पाहिजेत. जिल्ह्यांची गॅझेटियर, मराठी विश्वकोश, श्रीधर व्यंकटेश केतकरांचा २३ खंडांचा ज्ञानकोश, जुन्या मासिकांचे अंक या आपल्या ठेव्यातूनही बरंच काही संदर्भासह नेता येईल.

गैरसमज ६ : लहान विकिपीडियावर वाद कमी, म्हणजे तिथे सारं आलबेल.

वस्तुस्थिती : मला सर्वांत घातक वाटतो तो हाच समज. स्कॉटलंडच्या स्कॉट्स भाषेतल्या विकिपीडियाचे वीस हजारांहून अधिक लेख एका अमेरिकन किशोराने सुरू केले होते, आणि त्याला ती भाषा येत नव्हती. इंग्रजी वाक्यांत शब्द बदलून तो ती बनवत होता. हेतू वाईट नव्हता. पण ‘बाळा, असं आमच्याकडे बोलत नाहीत’ म्हणून त्याला वेळीच थांबवणारं पुरेसं कुणी तिथे नव्हतं. २०२० मध्ये हे उजेडात आलं, तोवर अनेक वर्षं गेली होती.

क्रोएशियन विकिपीडियावर याच्या उलट घडलं. वाद घालणारे होते, पण प्रचालकांच्या एका छोट्या गटाने त्यांना रोखलं, हाकललं. उजव्या अतिरेकी विचाराच्या या गटाने दुसऱ्या महायुद्धातल्या यासेनोव्हात्स छळछावणीची भीषणतासुद्धा सौम्य करून लिहू दिली. जवळपास दशकभर हे चाललं आणि २०२१ मध्ये फाउंडेशनने त्यावर अहवाल प्रसिद्ध केला.

एके ठिकाणी भांडायला माणूस नव्हता, दुसरीकडे भांडू दिलं नाही. खोटं टिकलं ते दोन्हीकडच्या शांततेमुळे.

मराठी विकिपीडियावर सर्वसाधारण चर्चेच्या पानाचं नाव ‘चावडी’ आहे आणि नवख्याने हात बसवायच्या पानाचं ‘धूळपाटी’. ही नावं देणाऱ्यांना काय हवं होतं ते त्या शब्दांतच आहे. मराठी बोलणारे आठ कोटींच्या पुढे आहेत, पण या चावडीवर नेमाने येणारे मूठभर. तुम्हाला लांबलचक लेख लिहायची गरज नाही. आज आपल्या गावाचा किंवा तालुक्याचा लेख उघडा आणि त्याचं इतिहास पान बघा. चुकीचं वाक्य सापडलं तर हाताशी असलेल्या पुस्तकाचं नाव आणि पान क्रमांक देऊन चर्चा पानावर लिहा. कुणी तुमचं म्हणणं खोडून काढलं तर रागावू नका. तुमच्या गावाबद्दल वाद घालण्याइतकी आस्था असलेला दुसरा माणूस तुम्हाला भेटला आहे.